निकम सरांचे स्वावलंबी किडे

प्रयोगशाळेत काचेची भांडी रोज धुतली जातात. किस्से धुवायची मात्र पद्धत नाही. ते तळाशी साचत जातात, आणि इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी मुलीच्या लग्नात आम्ही जुने रिसर्चवाले एका पंगतीत बसलो, की हमखास वर येतात. मठ्ठा वाढून होतो न होतो तोच कुणीतरी म्हणतं, "निकम सरांचं ते सांग गं." मग माझी जिलबी पानातच राहते.

गोष्टी नव्वदच्या दशकातल्या, सांगलीतल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातल्या. कॉलेजचं नाव सांगत नाही. माझी पेन्शन अजून चालू आहे.

निकम सर आमचे गाईड. मूळचे उंब्रजचे, घरचा ऊस, अंगाने भरदार, आवाज वर्गाच्या बाहेर दोन खोल्या ओलांडून जाणारा. त्यांचे गुरू वाईचे आगाशे सर. गुरूंकडून निकम सरांनी दोन गोष्टी घेतल्या, ट्रिपॅनोसोमा आणि तंबाखू, आणि दोन्ही शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. आगाशे सरांचा ट्रिपॅनोसोमावरचा जुना प्रबंध विभागाच्या वाचनालयात काचेच्या कपाटात ठेवलेला असे. शिक्षक दिनाला त्याला हार घालत. तो उघडून वाचलेला मी कुणाला पाहिला नाही.

ट्रिपॅनोसोमा म्हणजे रक्तात राहणारा एका पेशीचा परजीवी. उसातल्या उंदराच्या शेपटीतून थेंबभर रक्त काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, की लाल पेशींच्या गर्दीतून हे महाशय वळवळत जाताना दिसायचे. आम्ही त्यांना सरळ किडे म्हणत असू. त्यांच्यात दोन गोष्टी शोधायच्या होत्या. एक, पेशीला ऊर्जा पुरवणारा मायटोकॉन्ड्रिया, जो या किड्यात एकच आणि लांबलचक असतो. दुसरी, कॅल्शियम, जे बाहेरून पेशीत शिरतं आणि कामाचा निरोप देतं. माझ्या वाट्याला मायटोकॉन्ड्रिया आला. कॅल्शियम गेलं सुनंदा बाबरच्या वाट्याला.

मी सुटले. मायटोकॉन्ड्रियाबद्दल सरांचं काहीच मत नव्हतं. कॅल्शियमबद्दल होतं.

* * *

सरांचं समजावणं मात्र झकास. एकदा एका गावात शेतकऱ्यांसमोर विज्ञानावर बोलायला त्यांना नेलं. स्लाइड प्रोजेक्टरला वीज नव्हती, म्हणून सरांनी उसावरच सगळं बेतलं.

"मायटोकॉन्ड्रिया म्हंजे साखर कारखाना. ग्लुकोज म्हंजे ऊस. आत ऊस जातो, बाहेर माल येतो. आणि कॅल्शियम म्हंजे भोंगा. भोंगा वाजला की कारखाना जोरात चालतो."

लोक लक्ष देऊन ऐकत होते. मागून पटकेवाले एक म्हातारबा उठले.

"आवं सर, येवढ्या बारक्या किड्यात कारखाना हाय म्हंता. मग त्येचा चेअरमन कोन?"

"चेअरमन नसतो," सर म्हणाले. "म्हणून तर तो बारमाही चालतो."

टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत तालुक्याच्या कारखान्याचे खुद्द चेअरमन बसले होते. तेही टाळ्या वाजवत होते, कारण त्यांचं लक्ष हाराकडे होतं.

* * *

उंदीर यायचे सरांच्याच उंब्रजच्या उसातून. सरांचे धाकटे भाऊ ते पकडून पिंजऱ्यात घालून ठेवत आणि सुनंदा शनिवारी जाऊन घेऊन येई. सुनंदा म्हसवडची. वडील सुभेदार म्हणून रिटायर झालेले, घरात सगळं शिस्तीत. उंदराचा पिंजरा मांडीवर घेऊन एस.टी.त बसणं हे त्या शिस्तीत बसत होतं की नाही, हे तिने घरी कधी विचारलं नाही.

एकदा कंडक्टरने गोणपाट उचलून पाहिलं.

"ह्ये काय?"

"उंदीर हायत."

"दिसतंय. तिकीट?"

"उंदराला कसलं तिकीट?"

"कोंबडीला लागतंय, मग उंदरानं काय पुण्य केलंय?"

सुनंदा शांतपणे म्हणाली, "आजारी हायत वो. रक्तात किडं झाल्यात. तपासायला सांगलीला नेतीय."

कंडक्टर हळूच दोन पावलं मागे गेला. कराड गेलं, इस्लामपूर गेलं, आष्टा गेलं, तो काही सुनंदाच्या सीटकडे फिरकला नाही. शेवटी सांगली आल्यावर तीच त्याच्याकडे गेली. "आवं, माझं तरी तिकीट फाडा की."

"ऱ्हाऊ द्या," तो दारातून बाहेर बघत म्हणाला. "नोटंला हात लावायचा न्हाई मला तुमच्या."

* * *

आता खरं दुखणं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

सरांनी तरुणपणी एक शोध लावला होता. ट्रिपॅनोसोमाला बाहेरच्या कॅल्शियमची गरजच नाही. किडे धुवून, कॅल्शियम नसलेल्या मिठाच्या पाण्यात सोडले तरी ते मजेत पोहतात. म्हणजे ते स्वतःच्या आतल्या साठ्यावर जगतात. सरांनी त्यांना नाव दिलं होतं, स्वावलंबी परजीवी. दुसऱ्याच्या रक्तावर जगणाऱ्याला स्वावलंबी म्हणणारा माणूस पुढे नक्की संस्थेत मोठ्या पदावर जातो, आणि सर गेलेही. उपप्राचार्य झाले.

सुनंदाने तोच प्रयोग केला. तिच्या नळीत किडे हळूहळू मंदावले आणि थांबले. थोडं कॅल्शियम घातलं की परत वळवळायला लागायचे. तिने पुन्हा केला. पुन्हा तेच.

सरांनी स्वतः हातात नळी घेतली. तोच उंदीर, तेच पाणी. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला, उलटी-सुलटी केली, थेंब काचेवर ठेवला. किडे पोहतायत!

सुनंदा नळीला रबरी बूच लावत असे. त्यावरून सर तिला नेहमी बोलायचे. "बूच कशाला लागतंय तुला? देवानं अंगठा कशाला दिलाय? आगाशे सरांच्या लॅबमध्ये आम्ही बूच पाहिलंसुद्धा नाही."

आणि मग तंबाखूचा बार मळता मळता निकाल द्यायचे, "हाताला गुण लागतो, बाबर. तुमच्या पिढीच्या हाताला तो नाही. आधी बरोबर उत्तर आण, मग सही."

सही म्हणजे सुनंदाच्या प्रबंधावर गाईडची सही. ती झाल्याशिवाय प्रबंध विद्यापीठात जात नाही. इकडे माण तालुक्यातल्या एका नव्या कॉलेजात ती तासिका तत्त्वावर शिकवत होती. आठवड्याचे निम्मे दिवस तिकडे, निम्मे सांगलीत. डॉक्टरेट हातात आली की कायम करू असं संस्थेने कबूल केलं होतं. पण त्याच जागेवर संस्थाचालकांच्या सुनेचाही डोळा होता, आणि सूनबाईंचा प्रबंध टायपिंगला गेल्याची बातमी आली होती. सूनबाईंचा प्रबंध कशावर होता ते सूनबाईंनाही नक्की सांगता येत नव्हतं, पण त्यांच्या गाईडला अशा बारीकसारीक गोष्टींचा त्रास नव्हता.

सुनंदाला फक्त एकच करायचं होतं. किडे पोहले असं लिहायचं. मी तिला म्हटलंही, "लिहून टाक. कोण बघायला येतंय?"

"मी बगितल्यात की गं थांबलेलं," ती म्हणाली. "मग पोहलं कसं लिहू?"

मला तिचा राग आला. आजही थोडा येतो. इतका खरेपणा जवळच्या माणसाला फार महागात पडतो.

* * *

त्या वर्षी सर बंगळूरला परिषदेला गेले, स्वावलंबी परजीवी घेऊन. आम्हा दोघींना स्लाइड धरायला नेलं. सरांनी भाषण खणखणीत केलं. शेवटी एक तरुण शास्त्रज्ञ उठला, बारीक दाढी, पायात चपला.

"सर, कॅल्शियम नव्हतं असं तुम्ही म्हणता. पण पाणी तपासलंत का? साध्या पाण्यातसुद्धा भरपूर कॅल्शियम असतं."

सरांचा चेहरा लाल झाला. सांगलीकराच्या पाण्यावर बोट ठेवलं होतं त्याने.

"कृष्णेचं पाणी आहे ते," सर म्हणाले.

"म्हणूनच विचारतोय," दाढीवाला म्हणाला.

येताना रेल्वेत सर बेळगावपर्यंत झोपेचं सोंग घेऊन पडले होते. मिरज जवळ आलं तेव्हा म्हणाले, "चपला घालून परिषदेला येतात. संस्कारच नाहीत."

पण शंका मनात शिरली होती. पुढचे कितीतरी महिने आम्ही पाणी शुद्ध करत बसलो. एकदा ऊर्ध्वपातन, मग त्याचंच पुन्हा, मग तिसऱ्यांदा. काचेचं यंत्र दिवसभर फुरफुरत असे. शेवटी पाणी इतकं शुद्ध झालं, की सरांनी त्यातलं वाटीभर घरी देवाला नेलं. आणि एवढ्या शुद्ध पाण्यातही सरांचे किडे पोहतच होते, सुनंदाचे थांबतच होते.

"बघ," सर म्हणाले. "पाण्यावर ढकलत होता तो शहाणा."

* * *

मधल्या काळात तपासणी समिती आली. अनुदानाचा प्रश्न होता, म्हणून सगळं कॉलेज झाडून घेतलं. प्राचार्य समितीला घेऊन आमच्याकडे आले. प्राचार्य इतिहासाचे. त्यांनी आधी स्वतः सूक्ष्मदर्शकात डोकावायचं ठरवलं.

सुनंदाने तेवढ्यासाठी स्लाइड लावायला घेतली होती, पण ती लावायच्या आतच त्यांनी डोळा टेकवला. बराच वेळ बघितलं. मग मान वर करून समितीच्या अध्यक्षांना म्हणाले, "अद्भुत. काय चपळ आहेत. फक्त केसाळ फार."

स्वतःच्या पापण्या बघितल्या होत्या त्यांनी. अध्यक्षांनी डोकावलं. तेही म्हणाले, "हो हो, केसाळ आहेत." सदस्य म्हणाले, "यांच्यावर अजून बरंच काम व्हायला हवं."

स्लाइड सुनंदाच्या हातातच होती. ती मुकाट्याने तिने पाठीमागे धरली. अनुदान मंजूर झालं. आमच्या विभागात त्या वर्षी पैसे मिळालेलं तेवढंच एक संशोधन.

* * *

सर बायकांच्या मेळाव्यातही बोलायचे. राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर उंब्रजजवळ एका वस्तीवर होतं, तिथे आहारावर त्यांचं व्याख्यान ठेवलं. गावच्या बायका जमल्या होत्या. सर म्हणाले, "बाळंतिणीला कॅल्शियम लागतं. ते औषधाच्या दुकानातून आणायला पायजे असं नाही. कॅल्शियम तुमच्या घरात आहे. कुठं आहे, सांगा बघू?"

कुणी दूध म्हणालं, कुणी नाचणी म्हणालं.

"बरोबर. आणि पानाला लावता तो चुना. चुना म्हणजे कॅल्शियमच. कणभर चुना म्हणजे कॅल्शियमचा मोठा साठा. पण ते बोटाला लागलेलं तसंच डोळ्याला लावू नका, कुठंही लागतं ते, धुतल्याशिवाय जात नाही."

एक धीट बाई म्हणाल्या, "सर, तुमाला लय म्हाईत की."

"आमचं आयुष्य गेलंय कॅल्शियममध्ये," सर म्हणाले, आणि खिशातून डबी काढून अंगठ्याने चुना उचलून तंबाखू मळायला लागले.

मी शेवटच्या ओळीत होते आणि हसत होते, कशाला ते त्या वेळी मला नीट कळलं नव्हतं. सुनंदा माझ्या शेजारी होती. ती हसली नाही. ती सरांच्या हाताकडे बघत होती.

* * *

सुभेदार बाबर एकदा म्हसवडहून थेट कॉलेजात आले. पांढरी टोपी, मिशा ताठ, हातात सिद्धनाथाच्या प्रसादाची पुडी. सरांसमोर उभेच राहिले.

"बसा सुभेदार."

"बसतो. पोरीचं कवा हुणार त्येवढं सांगा."

"पोरगी हुशार आहे हो तुमची," सर म्हणाले. "पण काय करू? तिच्या हातानं किडे मरतात."

सुभेदारांनी थोडा विचार केला. "किडं मारायलाच ठिवलंय न्हवं तिला?"

"नाही, मारायला नाही, अभ्यासाला."

"मेल्यालं किडं बरं का जित्तं, रोगाच्या हिशेबानं?"

"रोगाच्या हिशेबानं मेलेलेच बरे," सरांना कबूल करावं लागलं.

"मग पोरगी काम चांगलं करतीय की," सुभेदार म्हणाले. "तुमच्या हातानं मरत न्हाईत, तर डॉक्टर तुमाला कुनी केलं?"

सरांनी प्रसाद घेतला, कपाळाला लावला आणि तासाला उशीर झाला म्हणून निघून गेले. त्या दिवशी त्यांचा तास नव्हता.

* * *

नंतर सरांची दाढ दुखायला लागली. गाल सुजला. सांगलीतल्या डॉक्टरांनी दाढ काढली आणि तंबाखू बंद केली. बाकी कुणाचंही न ऐकणारा हा माणूस दातांच्या डॉक्टरला मात्र घाबरत असे. मान खाली घालून त्याने ऐकलं. डबी टेबलाच्या खणात गेली.

त्याच आठवड्यात सरांच्या हातात किडे थांबायला लागले.

सर घाबरले. दुसरा उंदीर घेतला. थांबले. तिसरा. थांबले. मग त्यांनी आम्हाला कारण सांगितलं. "दाढ काढली ना, शरीरातली ताकद गेली. हाताचा गुण उतरतो अशा वेळी." सरांच्या घरून शेंगदाण्याचे लाडू आले, खजूर आला. सर खायचे आणि प्रयोग करायचे. किडे काही उठेनात.

हिरडी भरली. डबी खणातून बाहेर आली. त्याच दुपारी किडे पोहायला लागले.

"आला परत गुण," सर म्हणाले. विभागात पेढे वाटले. एक पेढा त्यांनी सूक्ष्मदर्शकापुढेही ठेवला.

त्या दिवशी सुनंदा मला हाताला धरून गच्चीवर घेऊन गेली. खाली क्रिकेट चाललं होतं.

"बगितलंस?" ती म्हणाली. "चुना. अंगठ्याला चुना, अंगठा नळीवर, नळी उलटी. पानी तीनदा शुद्ध केलं आनी कॅल्शियम ह्येच घालत्यात, रोज, सोताच्या हातानं."

मला आधी हसू आलं, मग इतक्या महिन्यांचं ते फुरफुरणारं यंत्र आठवलं आणि भयंकर संताप आला. "चल," म्हटलं, "आत्ता जाऊन सांगू."

"काय सांगू?" सुनंदाचे डोळे भरले होते. "ज्या हाताची सही पायजे मला, त्याच हाताला घान म्हनू? घरी बसवतील मला ते. सूनबाईचा प्रबंध बाइंडिंगला गेलाय, म्हाईत हाय न्हवं?"

मी म्हटलं, त्यांच्यावर कुणी असेल तर त्याने सांगावं. सरांच्या वर कोण होतं? प्राचार्य पापण्या बघणारे. विद्यापीठ कोल्हापुरात. बंगळूरचा दाढीवाला, त्याला संस्कार नाहीत.

"आगाशे सर हायत की," सुनंदा म्हणाली.

* * *

आगाशे सरांना वाईहून आणायचं सुनंदानेच सुचवलं. निकम सर खूश झाले. गुरू येऊन बघतील, पोरीला दोन शब्द सांगतील, पोरगी ऐकेल आणि बरोबर उत्तर लिहील, असा त्यांचा हिशेब. विभाग धुवून काढला. काचेच्या कपाटातल्या प्रबंधाला नवा हार आणला. वाचनालयाचं काम रिसर्चवाल्यांनी वाटून घेतलेलं असे, त्या वर्षी ते सुनंदाकडे होतं, म्हणून हार तिनेच घातला.

आगाशे सर आले. ऐंशीच्या आसपासचे, किडकिडीत, धोतर, काळा कोट, हातात काठी, पण नजर एकदम ताजी. निकम सर सकाळपासून कडक उपासाला बसल्यासारखे होते. गुरूसमोर तंबाखू खायची नाही हा त्यांचा नेम. त्यांनी आंघोळ करून नवा सफारी घातला होता, हात साबणाने दोनदा धुतले होते, वाकून पाया पडले.

"हं, दाखव," आगाशे सर स्टुलावर बसत म्हणाले.

निकम सरांनी नळी घेतली. धुतलेले किडे, शुद्ध पाणी. अंगठा दाबला, उलटी-सुलटी केली. थेंब ठेवला. आगाशे सरांनी डोकावलं.

"हे थांबलेत रे."

"थांबलेत?" निकम सरांनी स्वतः पाहिलं. पुन्हा नळी घेतली, पुन्हा अंगठा दाबला. पुन्हा थांबले. त्यांच्या कपाळावर घाम आला. "सर, हे तुम्हाला बघून... म्हणजे, रोज पोहतात हो."

सुनंदा कोपऱ्यात उभी होती. तिचा प्रबंध टेबलावर होता, टाइप केलेला, सहीची जागा कोरी.

"सरक," आगाशे सर म्हणाले. "तुझ्या हाताला पहिल्यापासून घाई." त्यांनी कोटाच्या खिशातून जुनी पितळी डबी काढली, तळहातावर तंबाखू घेतली, अंगठ्याने चुना उचलला, सावकाश मळली, दोन टाळ्या मारून फुंकली आणि गालात ठेवली. मग नळी घेतली, तोंडावर अंगठा दाबला, उलटी-सुलटी केली आणि थेंब काचेवर ठेवला.

"बघ."

निकम सरांनी डोकावलं. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की मला त्यांची कीव आली, आणि मी हे फार क्वचित कुणाबद्दल म्हणते.

"पोहतायत सर. सगळे पोहतायत."

"हाताला गुण लागतो, निकम. तुला तेव्हाच सांगितलं होतं."

"बघितलंस बाबर?" निकम सर वळून म्हणाले. "हे असतं."

सुनंदा पुढे आली. आगाशे सरांच्या पाया पडली. "सर, मला पन शिकवा की त्यो गुण."

म्हातारा खूश झाला. "ये. घे नळी."

"आधी डबी द्या."

आगाशे सर हसले. "तंबाखू खातेस? म्हसवडची ना तू, निकम सांगत होता. तिकडं बायकाही खातात म्हणे."

"तंबाखू नको सर." तिने डबीच्या दुसऱ्या कप्प्यातून अंगठ्यावर कणभर चुना घेतला, चोळला. "येवढंच पुरं."

तिने पहिली नळी उचलली. निकम सरांनी केलेली, थांबलेल्या किड्यांची. तिच्यावर अंगठा दाबला, उलटी-सुलटी केली, थेंब काचेवर ठेवला आणि बाजूला झाली.

निकम सरांनी डोकावलं. बराच वेळ ते वर बघेनात. मग आगाशे सरांनी त्यांना काठीने बाजूला केलं आणि स्वतः डोकावलं. मघाशी थांबलेले किडे पोहत होते.

आगाशे सर सरळ बसले. त्यांनी आपला अंगठा डोळ्यांजवळ धरून बघितला. मग निकम सरांचा हात ओढून त्यांचा अंगठा बघितला. तो स्वच्छ होता.

निकम सर टेबलापाशी गेले. खिशातून पेन काढलं. प्रबंधाच्या कोऱ्या जागी सही केली, तारीख घातली आणि टोपण लावायचं विसरले. सुनंदाकडे त्यांनी पाहिलं नाही.

आगाशे सर धोतराला अंगठा पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

"निकम," ते म्हणाले, "माझा प्रबंध अजून त्या काचेच्या कपाटातच आहे का रे?"

"आहे सर. आजच हार घातलाय."

"कपाटाला कुलूप असतं?"

"असतं सर."

"किल्ली कुणाकडं असते?"

निकम सर पेनचं टोपण शोधायला लागले.

"माझ्याकडं," सुनंदा म्हणाली.